कुंपणावरची वाटी

त्या थोर माणसावर मी कित्येक वर्षं चिडून होते, हे आता सांगायला हरकत नाही. सगळं जग त्याला हात जोडत होतं आणि मी कॉव्हेंट्रीतल्या माझ्या किचनमध्ये पोळ्या लाटता लाटता त्याच्यावर करवादत होते. आफ्रिकेतला तो नेता. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाला माणसासारखं जगू द्या, एवढंच त्याचं मागणं. त्यासाठी त्याला तुरुंगात टाकला, तो उमेदीची सगळी वर्षं सरेपर्यंत. केस पिकल्यावर बाहेर आला आणि म्हणाला काय, तर आता सूड नको, माफ करू, सगळे मिळून राहू. म्हणजे काय? मी टीव्हीकडे लाटणं रोखून विचारलं होतं. मला वाटलं होतं, आता हा एकेकाला धरून जाब विचारेल. आणि हा हसत होता!

आमच्या ह्यांचा मात्र तो देव. तो तुरुंगात होता तोवर ह्यांनी त्या देशाचं एक फळ घरात येऊ दिलं नाही. मी सुपरमार्केटमध्ये चष्मा लावून संत्र्यांवरचे स्टिकर वाचत बसायची आणि लेक ट्रॉलीला लोंबकळत म्हणायची, आई, चल ना. तो सुटला त्या रविवारी दुपारी हे टीव्हीसमोर उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. गॅसवर वरण करपलं, घरभर धूर झाला, आणि हे आपले शर्टाच्या बाहीने डोळे पुसतायत. मग पेपरातला त्याचा फोटो कापून, फ्रेम करून, हॉलमध्ये गणपतीच्या बाजूला लावला. मी म्हटलं, अहो, तुम्हाला रोज सकाळी आरशात दिसतो तो माणूस काय कमी सोसून बसलाय? त्याचाही लावा एक.

कारण ह्यांचं मला माहीत होतं ना. गाड्यांच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. हाताखाली शिकलेली पोरं एकेक करून ह्यांच्या वर गेली, हे होते तिथेच राहिले. सुरुवातीच्या वर्षांत कॅन्टीनमध्ये ह्यांनी डबा उघडला की टेबलावरचे उठून जायचे. हे मला म्हणायचे, वासामुळे असेल. मी भाजीतला हिंग बंद केला. तरी उठायचे. मी लसूण बंद केली. तरी उठायचे. मग माझं डोकं फिरलं आणि मी दुप्पट हिंग घालायला लागले.

पण माझा खरा राग कारखान्यावर नव्हता, शेजारणीवर होता. आमचं घर रांगेतलं, एकाला एक चिकटलेलं, मागे लांबट गार्डन आणि मधे कमरेएवढं लाकडी कुंपण. कुंपणापलीकडे एक इंग्लिश बाई, माझ्याच वयाची. मी लग्न होऊन आले तो पहिलाच उन्हाळा असेल. ऊन पडलं म्हणून मी हौसेने आईची इरकली साडी धुऊन गार्डनमधल्या दोरीवर घातली. हिरवी साडी, लाल पदर. निघताना आईने स्वतःच्या ट्रंकेतून काढून दिलेली. वारा होता, पदर उडून कुंपणापलीकडे गेला. ती बाई कुंपणाला रंग देत होती. इथे लाकूड कुजू नये म्हणून डांबरासारखं काळं तेल लावतात ना, ते. तिने माझ्याकडे पाहिलं, ब्रश डब्यात बुडवला आणि माझ्या आईच्या पदरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. घाई नाही, काही नाही. वर म्हणाली, "हे पडदे तुझ्या देशात नेऊन वाळत घाल."

मला तेव्हा इंग्लिश बोलता येत नव्हतं. कळत मात्र होतं. मी काही बोलू शकले नाही, याचा संताप डांबरापेक्षा जास्त. रॉकेल लावलं, साबण लावला, रात्रभर भिजवलं. डाग हलला नाही. पुढच्या थंडीत आई गेली, आणि तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून मी गेले नाही. आईचं म्हणून जे होतं ते एवढंच, आणि त्यावर हातभर काळं. साडी मी बॅगेत तळाशी ठेवली आणि त्या बाईचं नाव ठेवलं डांबरवाली. त्या दिवसापासून तिच्याशी शब्द बोलले नाही. वीस वर्षं, तीस वर्षं, पस्तीस वर्षं. बस स्टॉपवर ती दिसली तर मी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायची. पावसातसुद्धा.

हे मात्र रोज कुंपणावरून तिला गुड मॉर्निंग घालायचे. ती आधी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मी आतून ओरडायची, अहो, भिंतीशी बोला त्यापेक्षा. तर तो नेता सुटल्यावर ह्यांनी नवीनच खूळ काढलं. तो सुटला त्या तारखेला दर वर्षी हे स्वतः शिरा करायचे, बदाम-बेदाणे घालून. पहिली वाटी त्या फोटोसमोर, दुसरी मला, आणि तिसरी कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवायचे. म्हणायचे, ज्यांनी कोंडलं त्यांनाच तो जेवायला बोलावतो, मग मला एक वाटी शिरा द्यायला काय होतं?

पहिल्या वर्षी वाटी संध्याकाळपर्यंत तिथेच होती, कबुतरांची चंगळ झाली. दुसऱ्या वर्षीही तेच. मी नुसती हसले, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी वाटी परत आली, धुऊन पुसून. रिकामी. आता आपल्याकडे शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करतं का? काही नसलं घरात तर चिमूटभर साखर तरी घालतो. मी म्हटलं, बघा, ही रीत आहे तिची. हे म्हणाले, "धुतलेली आहे ना." जसं काही मोठं बक्षीसच मिळालंय. ती वाटी मी पुन्हा आमच्या वाट्यांत मिसळू दिली नाही. वरच्या फळीवर वेगळी ठेवली. हे दर वर्षी स्टुलावर चढून ती काढायचे.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. तो नेता आता अगदी थकला होता, टीव्हीवर काठी टेकत चालताना दिसायचा, आणि हे म्हणायचे, बिचारा किती उभा करतात त्याला, बसू द्या की. आणि त्याच हिवाळ्यात ह्यांच्या पोटात गाठ निघाली. तोपर्यंत पसरली होती. डॉक्टर पोरगी फार गोड बोलली, माझा हात धरून बोलली, त्यावरूनच मी ओळखलं.

एप्रिलमध्ये जरा ऊब आली तसं हे गार्डनमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले. अंगावर शाल, मांडीवर कागद. क्रॉसवर्ड असेल म्हटलं. खुर्ची मात्र नेमकी कुंपणाला लागून. डांबरवाली पलीकडे उभी, दोन्ही हात कुंपणावर ठेवून, आणि ह्यांचं बोलणं चाललंय तर चाललंयच. तीही आता एकटी होती, केस पांढरे, गुडघे दुखतायत. मी किचनच्या खिडकीतून बघायची आणि भांडी आपटायची. मला वाटायचं, दिवस किती उरलेत, आणि तेवढेही हे तिला वाटतायत! जळफळाट व्हायचा जिवाचा. एकदा विचारलंच, काय एवढं गूळ पाडत असता? तर म्हणाले, ती विचारते आपल्याकडे काय काय करतात ते. मी सांगतो.

जूनमध्ये हॉस्पिटलमध्ये नेलं. एका दुपारी ह्यांनी माझी बोटं धरली आणि म्हणाले, "एकदा बोल तिच्याशी. माझ्यासाठी." त्यांनी पस्तीस वर्षांत माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. चहासुद्धा स्वतः करून घ्यायचे. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "दुसरं काहीही मागा. हे नका मागू." ते म्हणाले, "बरं," आणि पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी गेले.

ते "बरं" काही माझ्या डोक्यातून जाईना. रागावले असते तर बरं झालं असतं. माणूस शेवटचं काही मागतो आणि आपण नाही म्हणतो, मग पुढचे सगळे दिवस त्या नाहीच्या सोबत राहायचं. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, सोनं झालं हो तुमच्या संसाराचं. मी मान हलवायची. मनात म्हणायची, तुम्हाला काय माहीत मी काय केलंय.

डांबरवाली फ्युनरलला आली होती. मागच्या बाकावर बसली आणि सगळ्यांच्या आधी निघून गेली. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. तेव्हा जमलं असतं बोलायला. नाही बोलले. दोनदा नाही म्हटलं मी.

तेराव्यानंतर लेकीने बाबांचा फोटो मोठा करून आणला. ती लीड्सला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, जन्म इथलाच. तिला म्हटलं, फोटो लाव आणि इंडियन दुकानातून चंदनाचा हार आणून घाल. मी संध्याकाळी हॉलमध्ये आले तर ह्यांच्या फोटोला हार, आणि शेजारच्या त्या नेत्याच्या फोटोलाही हार! माझी किंकाळीच बाहेर पडली. अगं बये, तो जिवंत आहे अजून! ती बिचारी गोंधळून गेली. म्हणाली, "पण आई, पॅकमध्ये दोन होते. मला वाटलं, बाबांना आवडेल." मी तिला सांगितलं की आपल्यात फोटोला हार म्हणजे माणूस गेलेला. जिवंत माणसाला असा घालत नाहीत, अपशकुन असतो. ती घाबरून हार काढायला धावली, तो खिळ्याला अडकला, ओढताओढता फ्रेम तिरकी झाली आणि तो नेता तिरक्या मानेने आमच्याकडे बघत हसत राहिला. मग आम्ही दोघी खाली बसून हसलो. हसता हसता ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतली आणि वर बघत म्हटलं, एवढी वर्षं दुसऱ्याचं सोसून हा अजून आहे, आणि माझा माणूस गेला. त्याही क्षणी मला त्याचा राग आला होता.

मग दिवाळी आली. दुःखाच्या घरात पहिल्या दिवाळीला तळणाची कढई चढत नाही. फराळ आपण करायचा नाही, शेजारपाजारच्यांनी आणून द्यायचा, म्हणजे त्या घराचं तोंड बाहेरून गोड होतं. गावाकडे असते तर सकाळपासून ताटांवर ताटं आली असती. इथे आमच्या मंडळाच्या बायकांचा सकाळी फोन आला, की आम्ही सगळ्याजणी संडेला येतो हं. बरोबरच होतं त्यांचं. इथे दिवाळी मंगळवारी आली तरी साजरी वीकेंडलाच होते, कामं कुणाला सुटतात? लेकीची हॉस्पिटलमध्ये ड्युटी. मी म्हटलं, काही धावू नकोस, मी ठीक आहे. ठीक कसली! चार वाजता अंधारून आलं तशी मी ह्यांच्या फोटोपुढे पणती लावली. शेजारी काही ठेवायला नव्हतं. रिकामी बशी तरी कशी ठेवायची? मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा घराला तळणाचा वास नव्हता.

बेल वाजली. मला वाटलं पोस्टमन. दार उघडलं तर डांबरवाली. अंगावर चांगला कोट, पायात घरातल्या सपाता, हातात बिस्किटांचा जुना टिनचा डबा. बोटावर भाजल्याचा लाल चट्टा.

माझा हात दाराच्या कडीवरच होता. बंद करायला एक क्षण पुरला असता, आणि हाताला तेवढंच येत होतं. पण मागे पणती जळत होती आणि पणतीमागे ह्यांचा फोटो. तिसऱ्यांदा नाही म्हणणं मला जमेना. म्हणून नुसती उभी राहिले.

ती म्हणाली, "तुम्ही दार उघडणार नाही, असं तुमचा नवरा म्हणाला होता. मग डबा पायरीवर ठेवून जा म्हणाला होता. पण मला तसं ठेवून जायचं नव्हतं."

तिने झाकण उघडलं. आत शंकरपाळे. लहान-मोठे, कुणाचा कोपरा तुटलेला, काही बदामी, काही पार काळपट. घाईघाईने सांगायला लागली, की ती ज्यात चिप्स तळते त्याच पॅनमध्ये तळलेत, पण पॅन घासून घेतलाय, आतली जनावराची चरबी टाकून दिली, नवीन तेल आणलं, व्हेजिटेबल, त्याने बजावून सांगितलं होतं. दोनदा बिघडले म्हणून उशीर झाला. तिचं सांगून संपलं. मग डब्याकडे बघत ती म्हणाली, "मला माहीत होतं तो पडदा नव्हता."

बस, एवढंच. पस्तीस वर्षं मी मनात तिला काय काय म्हणून घेतलं होतं, इंग्लिश आल्यावर तर इंग्लिशमधूनही. सगळं पाठ होतं मला. त्यातलं एक वाक्य आठवेना. हात आपोआप डब्यात गेला. एक शंकरपाळा उचलून मी तोंडात टाकला. दगड! दात हलला असता माझा.

आणि मग मी तिच्याशी बोलले. म्हटलं, "घट्ट झालेत. तूप तापवून कडकडीत घालायचं असतं पिठात. तुम्ही गार घातलंत."

ती म्हणाली, हो, गारच घातलं.

म्हटलं, आत या, थंडी आत येतेय. तिला किचनमध्ये बसवलं. पहिले चार शंकरपाळे बशीत घालून ह्यांच्यापुढे ठेवले. चहा टाकला, आलं घालून. ती आल्याला बिचकली पण प्यायली. तिने उघड्या दारातून हॉलमधल्या त्या नेत्याच्या फोटोकडे बघून विचारलं, शिरा याच्याचसाठी असायचा ना. मी हो म्हटलं. ती म्हणाली, पहिली दोन वर्षं ती पडद्याआडून वाटीकडे बघत बसायची, बाहेर येऊन उचलायची लाज वाटायची. तिसऱ्या वर्षी अंधार पडल्यावर उचलली. मी म्हटलं, पुढच्या वेळी वाटी रिकामी देऊ नका, साखर तरी घाला. तिने मान हलवली. मी तिला बॅगेतली साडी दाखवली नाही. तेवढं मोठं माझं मन तेव्हाही नव्हतं, आणि आजही तो डाग बघितला की तिडीक जाते डोक्यात. पण त्या डागामागचं तोंड आता म्हातारं आहे, सपाता घालून थंडीत उभं राहिलेलं, आणि त्याच्यावर चिडायला मला जमत नाही. तो आफ्रिकेतला माणूस कसं करू शकला, ते मला कळलं असं मी म्हणणार नाही. त्याला जमलं, त्यातलं माझ्या वाट्याला चहाच्या कपाएवढं आलं.

ती गेल्यावर मी डबा मोकळा करायला घेतला. परत करायचा होता, आणि रिकामा करायचा नव्हता. साखर काढून ठेवली. तळाशी बटर पेपर होता, तो उचलला तर खाली घडी घातलेला एक कागद, तेलाने पारदर्शक झालेला. ह्यांचं अक्षर. इंग्लिशमध्ये, ठळक, शाळेतल्या मुलाला लिहून द्यावं तसं. किती मैदा, किती साखर, किती दूध. तूप गरम, असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या, तरी बाईने गार घातलंच. मग दिवाळीची तारीख. ती त्यांनी एप्रिलमध्ये कॅलेंडर बघून काढली असणार, मी खिडकीत भांडी आपटत होते तेव्हा. त्याखाली लिहिलं होतं, या वर्षी माझ्या बायकोला तळण करता येणार नाही, आमच्याकडे अशा वेळी शेजारणीने आणायचं असतं, आणि तिची शेजारीण तुम्ही आहात.

आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात: ती आधी चूक काढेल. काढू द्या. मग ती चहा करेल. तेवढा चहा पिऊनच निघा.

मी कागद हातात धरून उभी होते. सिंकमध्ये दोन कप विसळायचे पडले होते.